काळ्या गाठीची मापकाठी

मी एक जुनी मापकाठी आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्या अंगावर एकही आकडा नाही. तुमच्या दप्तरातल्या पट्टीवर असतात तसे सेंटिमीटर नाहीत, इंच नाहीत, काही म्हणजे काही नाही. त्यामुळे मला पाहून लोक पहिल्यांदा हेच म्हणतात, "ही कसली पट्टी? ही तर नुसती काठी!" उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा लोकांशी मी वाद घालत नाही. पण माझ्यावरही एकदा खोटे बोलण्याची पाळी आली होती. ती गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कोणाच्या तरी दाराची चौकट करून झाल्यावर लाकडाचा एक लांब तुकडा उरला होता. कोणी म्हणाले, जळणात टाका. पण सुताराने तो उचलला, एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि म्हणाला, "सरळ आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मग रंधा मारून त्याने मला चौकोनी केली, दोन बोटे रुंद आणि चांगली अंगठ्याएवढी जाड. उंचीने मी त्याच्यापेक्षा वीतभर जास्त भरले.

या सुताराला सगळे सुतारमामा म्हणत. मीही तसेच म्हणते. मामा मोजक्या शब्दांचा माणूस. बोलण्यापेक्षा कानामागची पेन्सिल काढणे त्यांना सोपे जाई. एखाद्या घरी काम निघाले की मला घेऊन तिथे जायचे, मला जमिनीवर ताठ उभी करायचे, आणि खिडकीची कड, कपाटाचा खण, टेबलाचा वरचा भाग जिथे हवा असेल तिथे माझ्यावर एक रेघ मारायचे. रेघेशेजारी ओळखीला छोटेसे चित्र. मग कारखान्यात लाकडाची फळी माझ्याशेजारी ठेवायची आणि माझ्यावरची रेघ सरळ फळीवर उतरवायची. आकडा वाचायचा नाही, लिहायचा नाही, लक्षात ठेवायचा नाही.

"आकडा एका तोंडातून दुसऱ्या कानात जाईपर्यंत बदलतो," मामा म्हणत. "रेघ बदलत नाही."

माझ्या एका टोकाला, काठापासून तीन बोटांवर, लाकडाची एक काळी गाठ आहे. मामांनी ती मुद्दाम ठेवली होती. ज्या बाजूला गाठ ती बाजू खाली, असा आमचा नियम होता. मला उचलले की मामांचा अंगठा आधी त्या गाठीवर फिरे. गाठ सापडली की त्यांची खात्री पटे.

मामांच्या कमरेला एक लोखंडी टेपही असे. खोल्यांची लांबी-रुंदी तिच्याकडे आणि उंची माझ्याकडे, अशी कामाची वाटणी होती. आता कोणाबद्दल वाईट बोलू नये, पण तिचा स्वभाव जरा पळपुटा. हात सुटला की सर्रकन डबीत शिरून बसायची. मी मात्र जिथे उभी करतील तिथे उभी. लोक टेपेचे कौतुक करायचे आणि मला दाराआड ठेवायचे, तेव्हा मला वाईट वाटे. वाटे हे खरे आहे, लपवून काय करू?

आणखी एक गोष्ट. एका घराचे काम संपले की मामा माझ्यावरून रंधा फिरवत. जुन्या रेघा लाकडाच्या पातळ गुंडाळ्यांबरोबर खाली पडत आणि मी नव्या घरासाठी कोरी होई. म्हणजे प्रत्येक घर माझ्या अंगातले थोडेसे घेऊन गेले. अशी एकोणीस घरे झाली. अंगठ्याएवढी होते ती करंगळीएवढी झाले. विसाव्या घराच्या आधी मामांनी मला हातात तोलले आणि म्हणाले, "आता आणखी रंधा मारला तर वाकशील. एवढं एक घर कर, मग बस झालं."

ते विसावे घर तळमजल्यावर होते. तिथे नवरा-बायको दोघेच राहत. मामा त्यांना दादा आणि वहिनी म्हणत, म्हणून मीही तशीच हाक मारते. वहिनींनी बावीस वर्षे बसमध्ये तिकिटे फाडली होती. धावत्या बसमध्ये, गर्दीत, काही न धरता उभ्या राहणाऱ्या या बाई. कधी तोल गेला नाही. आणि पडल्या कुठे, तर गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन येताना, स्वतःच्या इमारतीच्या जिन्यावरून. तेव्हापासून त्यांचे पाय हलत नव्हते आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसत.

दादांचे काम चष्म्याच्या दुकानात. गोल भिंग घ्यायचे, फ्रेममध्ये बसेल एवढे मधले ठेवायचे आणि कडा घासून टाकायच्या, हा त्यांचा रोजचा उद्योग. हात इतका सफाईदार की घासलेली कड गालावर फिरवली तरी कळू नये. वहिनींवर त्यांचा जीव होता. त्यांना तहान लागायच्या आत पाण्याचा पेला पुढे येई, ऊन लागायच्या आत पडदा ओढला जाई. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, असे शेजारीपाजारी म्हणत. वहिनीही तेच म्हणत, पण म्हणताना त्यांचा आवाज थोडा थकलेला असे.

घराची डागडुजी करायची ठरली. दारे रुंद करायची, उंबरे काढायचे, फरशी नवी घालायची, आणि ओटा, कपाट, पलंग सगळे नव्याने बेतून करायचे. दादांनी गवंड्याला बोलावले. या गवंड्याला सगळी गल्ली 'होऊन जाईल' या नावानेच ओळखे, कारण काहीही विचारले तरी त्याचे उत्तर तेवढेच.

"आधी तोडफोड करू," तो म्हणाला. "फर्निचरचं काय, नंतर बघू. होऊन जाईल."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आधी सुतार येऊ दे. थांबे ठरवल्याशिवाय कोणी बस सोडतं का?"

म्हणून आम्ही गेलो. मला वाटले, मामा नेहमीप्रमाणे भिंतीपाशी जातील. पण ते वहिनींच्या खुर्चीशेजारी चक्क जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं माप घेऊ का?"

दादा हसले. "अहो मामा, ओटा स्वयंपाकघरात बसवायचाय, हिच्या अंगावर नाही."

"भिंत हलवता येते, दादा. वहिनींचा कोपर कुठे हलवू?"

वहिनी इतक्या मोठ्याने हसल्या की 'होऊन जाईल' बाहेरून डोकावून गेला. मग मला त्यांच्या खुर्चीला लागून उभी केली. त्यांच्या गुडघ्याच्या वर दोन बोटे मोकळी सोडून मामांनी पहिली रेघ मारली आणि शेजारी गोल काढला. ओट्याची खालची बाजू इथे, म्हणजे खुर्ची सरळ आत जाईल. दुसरी रेघ कोपरापाशी, ओट्याच्या वरच्या बाजूची. तिसरी खुर्चीच्या बैठकीपाशी, तिच्याशेजारी उशीचे चित्र. पलंग या उंचीचा झाला की वहिनी कोणाचा हात न धरता खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर सरकू शकतील. आणि शेवटी वहिनींनी हात जितका उंच जाईल तितका नेला, मामांनी तिथे रेघ मारली आणि पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. "इथे काय ठेवायचं ते तुम्ही काढा."

वहिनींनी कान तुटल्यासारखा दिसणारा एक कप काढला.

"मामा," त्या म्हणाल्या, "मला फार काही नको. सकाळचा पहिला चहा माझ्या हाताने करायचाय. दोन वर्षं मी चहा मागतेय. मिळतो, वेळेवर मिळतो, चांगला मिळतो. पण मागितलेला असतो हो."

दादांनी मान खाली घातली आणि खिडकीची कडी उगीच लावली आणि काढली. मामांनी फक्त "होईल" म्हटले. त्यांचे होईल आणि गवंड्याचे होऊन जाईल यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

एकोणीस घरांत माझ्यावर खिडक्या आणि खण उतरले होते. माणूस कधी उतरला नव्हता. मी मनाशी ठरवले, हे माप एका केसानेही चुकता कामा नये.

मला आठवडाभर त्या घरीच ठेवले होते. नळवाला आला, त्याने माझ्यावर बघून नळाची जागा ठरवली. वीजवाला आला, त्याने वहिनींच्या हाताच्या टप्प्यात बटणे बसवली. "जमीन नवी आली तरी घाबरू नका," मामा त्यांना सांगून गेले होते. "वहिनींची खुर्ची आणि ही काठी एकाच फरशीवर उभ्या राहणार. फरशी झाली की काठी उभी करा आणि रेघ बघा." सगळ्यांनी तसे केले. नव्या फरशीवर मी ताठ उभी राहिले आणि माझी प्रत्येक रेघ खरी उतरली. ते माझे सुखाचे दिवस होते.

घरभर धूळ होती म्हणून वहिनी दिवसभर मागच्या गॅलरीत बसत. पाणी वाहून जावे म्हणून गॅलरीच्या फरशीला थोडा उतार होता आणि त्यांची खुर्ची हळूहळू मोरीकडे घसरे. हाताने ब्रेक ओढला तरी जुना ब्रेक धरत नसे. वहिनी एका हाताने कठडा धरून बसत. हे दादांनी पाहिले आणि त्यांना चैन पडेना. चाकाखाली सरकवायला ठोकळा हवा! त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मी भिंतीला टेकून उभी होते.

दादांनी मला उचलून नीट तपासले. सगळ्या रेघा, सगळी चित्रे मधे होती. दोन्ही टोके मात्र कोरी. ज्याच्या धंद्यात कडा घासून टाकायच्याच असतात, त्या माणसाला आणखी काय वाटणार? मधले ते कामाचे, कडेचे ते टाकाऊ. त्यांनी छोटी करवत घेतली आणि माझ्या पायाकडून तीन बोटे तुकडा कापला. करवत नेमकी काळ्या गाठीतून गेली. अर्धी गाठ माझ्याकडे राहिली आणि अर्धी त्या तुकड्यावर गेली.

मित्रांनो, लाकडाला करवतीने दुखत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण मला ओरडावेसे वाटले. माझी प्रत्येक रेघ माझ्या पायापासून मोजलेली होती. पाय गेला आणि त्या क्षणी माझ्या अंगावरचे सगळे खरे खोटे झाले. रेघा तशाच होत्या, चित्रे तशीच होती, आणि एकही आकडा नव्हता, जो पाहून कोणाला शंका यावी. दादांनी कापलेली बाजू कानशीने घासून अशी गुळगुळीत केली, जशी काही मी तशीच जन्मले होते. त्यांचा सफाईदार हात त्या दिवशी आमच्या मुळावर आला.

ठोकळा चाकाखाली गेला. खुर्ची जागच्या जागी थांबली. "वा," वहिनी म्हणाल्या, "आता कशी शहाण्यासारखी उभी राहिली!" ठोकळा कुठून आणला, हे कोणी विचारले नाही. घरभर लाकडाचे तुकडे पडलेच होते. दादांचा चेहरा समाधानाने फुलला होता आणि मी दाराआड तीन बोटे बुटकी होऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी मामा मला घेऊन गेले. त्यांचा अंगठा गाठीवर फिरला. गाठ होती, अर्धी का होईना. मामांची नजर अलीकडे मंद झाली होती आणि अंगठ्याची खात्री पटली. तीन आठवडे कारखान्यात काम चालले. ओट्याचा सांगाडा, पलंग, कपाट, कपांची फळी. मामा एकेक फळी माझ्याशेजारी ठेवत आणि मी एकेकीला खोटे माप देत होते. "शेवटचं काम आहे, झकास झालं पाहिजे," ते स्वतःशी पुटपुटत. त्यांनी ओट्याच्या कडा गोल केल्या, वहिनींचा हात खरचटू नये म्हणून. मला तोंड असते तर, असे त्या तीन आठवड्यांत मी किती वेळा म्हटले असेल!

सामान लावण्याचा दिवस आला. स्वयंपाकघर नव्या रंगाने उजळले होते. ओट्यावरचा दगड ठेवण्याआधी एकदा खुर्ची आत जाते का ते बघू, म्हणून मामांनी ओट्याचा नुसता सांगाडा उभा केला. वहिनींनी केस नीट विंचरले होते. त्यांनी दोन्ही चाकांना हात घातले आणि खुर्ची पुढे नेली.

खाडकन आवाज झाला. गुडघे लाकडावर आपटले.

वहिनींनी खुर्ची मागे घेतली आणि जरा वाकडी करून पुन्हा नेली. पुन्हा आपटले. तिसऱ्या वेळी त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला तेव्हा दादांनी धावत जाऊन खुर्ची धरली. मग पलंग पाहिला. वहिनी खुर्चीवरून त्यावर घसरल्या खऱ्या, पण परत वर येता येईना. दादांना उचलून बसवावे लागले. त्या क्षणाचा वहिनींचा चेहरा मला अजून आठवतो. नळही ओट्यापासून फार उंच दिसत होता.

"तेवढ्याने काय होतंय," गवंडी म्हणाला, "सवय होऊन जाईल."

"राहू दे गं," दादा हळूच म्हणाले. "मी आहे ना. चहा काय, मी करत जाईन."

मामा गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी मला ओट्याला लावले. रेघ बरोबर रेघेवर! पलंगाला लावले. तेही बरोबर! मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"काठी चुकत नाही. म्हणजे त्या दिवशी रेघ मारताना माझाच हात चुकला," ते म्हणाले. "डोळे गेले, आता हातही गेला. वहिनी, मला माफ करा. तुम्ही दुसरा सुतार बघा. मी हत्यारं ठेवून देतो."

मित्रांनो, एकोणीस घरांत ज्या माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, तो माझ्यासमोर स्वतःला दोष देत होता आणि मी गप्प उभी होते. त्या वेळी मला कोणी जळणात टाकले असते तरी चालले असते.

मामा मला घेऊन निघाले तेव्हा वहिनींचा आवाज आला. बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज असावा. "मामा, काठी ठेवून जा."

"आता तिचं काय करणार, वहिनी?"

"माझं माप आहे तिच्यावर. ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गॅलरीत बसल्या होत्या. दादांनी चहा आणून दिला. तो तसाच गार झाला. मी वहिनींच्या मांडीवर आडवी होते. त्यांनी मला गाठ खाली करून फरशीवर उभी केली, आपल्या गुडघ्याला लावली आणि बघत राहिल्या. मामांनी काढलेला गोल त्यांच्या गुडघ्याच्या एक बोट खाली होता.

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली. "त्या दिवशी मामांनी गुडघ्याच्या वर दोन बोटं सोडली होती ना? मी स्वतः बोटं ठेवून पाहिली होती. मग हा गोल खाली कसा? माझे गुडघे वाढले की काय या वयात?"

"चुकलं असेल त्यांचं," दादा म्हणाले. "सोड ना आता. किती मनाला लावून घेशील?"

"थांबा." त्यांनी बैठकीची रेघ पाहिली. तीन बोटे खाली. कोपराची पाहिली. तीन बोटे खाली. मग हात ताणून कपापाशी नेला. हात कपाच्या तीन बोटे वर गेला. वहिनींच्या डोळ्यांत चमक आली. "एक रेघ चुकली असती, तर हात चुकला म्हटलं असतं. सगळ्या सारख्याच कशा चुकतील? अहो, बसमधल्या सगळ्या प्रवाशांची घड्याळं दहा मिनिटं उशीर दाखवत असली, तर घड्याळं चुकलेली नसतात. बस उशिरा आलेली असते. ही काठीच खाली गेलीय."

त्यांनी मला उलटी करून माझा पाय पाहिला. गुळगुळीत लाकूड आणि काठावर अर्धी काळी गाठ.

दादांचे डोळे वहिनींच्या चाकाकडे लागले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या तीन बोटे लाकडावाचून सगळे अडले होते, ते तीन आठवडे तिथेच, चाकाखाली होते, अर्धी काळी गाठ वर करून.

"मीच कापली," दादा म्हणाले. "तू कठडा धरून बसायचीस. मला बघवेना. टोकाला काही लिहिलेलं नव्हतं, मला वाटलं ते वायाच जाणार आहे. काल मामा गेले तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही गं. तुझ्यासाठीच केलं होतं."

त्यांनी वाकून एका हाताने खुर्ची घट्ट धरली आणि ठोकळा काढून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो माझ्या पायाला लावला. फुटलेल्या बशीचे दोन तुकडे जुळावेत तशी गाठ जुळली. मला पुन्हा गुडघ्याला लावले. गोल गुडघ्याच्या वर, दोन बोटांवर.

मला वाटले, आता वहिनी कडाडणार. त्या रागावल्या होत्याच. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"माझ्यासाठी तुम्ही सगळं करता," त्या म्हणाल्या. "मला विचारून मात्र काहीच करत नाही. खुर्ची घसरते, तर ठोकळा हवा का, कुठला देऊ, एवढं विचारायचं होतं. मी सांगितलं असतं, विटेचा तुकडा द्या. त्या दिवशी मामांनी विचारलं, माप घेऊ का? दोन वर्षांत मला पहिल्यांदा कोणी तरी काही विचारलं होतं हो."

दादा तिथेच गॅलरीच्या फरशीवर बसले. खुर्ची त्यांनी सोडली नव्हती. तिथूनच वर बघत ते म्हणाले, "मामांना बोलावू का?" आणि मग पटकन, "म्हणजे, विचारतोय."

"बोलवा," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसून हसल्या.

मामा आले. दादांनी त्यांच्या पायाशी बसून सगळे सांगितले, काही लपवले नाही. ताकाला जाऊन भांडे लपवणारा तो माणूस नव्हता. मामांनी ठोकळा माझ्या पायाला लावला आणि जोडावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी खिशात घडी करून ठेवलेली टोपी डोक्यावर घातली.

"म्हणजे हात नाही चुकला," ते म्हणाले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि कामाला लागले.

पुढचे काम सोपे होते, कारण मी खोटे बोलले होते तेही सगळीकडे सारखेच. जे जे जमिनीवर उभे होते, ते ठोकळ्याच्या उंचीएवढे कमी होते. मामांनी त्याच उंचीच्या लाकडी चपला केल्या आणि ओट्याला, पलंगाला, कपाटाला, प्रत्येक पायाला घातल्या. कपांची फळी तेवढीच वर चढवली. गवंडी बघायला आला आणि म्हणाला, "मी म्हणालोच होतो, होऊन जाईल!" त्या दिवशी त्याच्यावरही कोणी रागावले नाही. खुर्ची ओट्याखाली गेली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. आम्ही सगळे तो आवाज न होण्याचीच वाट पाहत होतो.

मामांनी ठोकळा डिंकाने आणि लाकडी खुंटीने माझ्या पायाला परत जोडला. गॅलरीत चाकाखाली विटेचा तुकडा आला. रीतीप्रमाणे आता माझ्यावरून रंधा फिरायचा होता. मामांनी रंधा हातात घेतला, माझ्याकडे पाहिले आणि तो पेटीत ठेवून दिला. "ही इथेच राहू दे," ते वहिनींना म्हणाले. "हिच्यावर पुन्हा दुसऱ्याचं माप चढवायचं नाही."

फर्निचर लागल्यावर पहिल्या सकाळी वहिनींनी चहा ठेवला. कप त्यांनी वरच्या फळीवरून स्वतः काढले. पाणी स्वतः घेतले. दादा दारात उभे होते, हात मागे बांधून, कारण मोकळे सोडले असते तर ते आपणहून पुढे गेले असते. दूध वर आले. थोडे उतू गेले. दादा एक पाऊल पुढे आले.

मी ओट्याशेजारी टेकलेली होते. वहिनींनी मला उचलले आणि दारासमोर आडवी धरली.

"बसून घ्या," त्या बसमधल्या आवाजात म्हणाल्या. "चालत्या गाडीत उभं राहायचं नाही."

दादा बसले. वहिनींनी ओटा पुसला, चहा गाळला, कप मांडीवरच्या ताटलीत ठेवला आणि चाके फिरवत त्यांच्यासमोर नेऊन दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात चहा उलट्या दिशेने गेला. दादांनी एक घोट घेतला. साखर विसरली होती. त्यांनी तसे सांगितले नाही, साखर आणायला उठलेही नाहीत. दोन्ही हातांनी कप धरून त्यांनी सगळा चहा संपवला आणि मग विचारले, "आणखी मिळेल का?"

मित्रांनो, मी आता त्याच स्वयंपाकघरात दाराच्या कोपऱ्यात उभी असते. मामा कधीतरी येतात, खुर्चीवर बसून चहा पितात आणि जाताना माझ्या गाठीवर अंगठा फिरवतात. बाकी मला फारसे काम नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी मुकी वस्तू कुठे तरी टेकून उभी असेल. तिच्यावर काही लिहिलेले नाही म्हणून तिला कापू नका, टाकू नका. आधी ती कोणाची, कशाची आहे ते विचारा. आणि कोणाला मदत करायची असेल, तर आमच्या मामांसारखे त्याच्याशेजारी खाली बसा आणि आधी विचारा.

आणि कधी आमच्या घरी आलात, मला हातात घेऊन पाहिलेत, तर एवढे करा. परत ठेवताना काळी गाठ खाली ठेवा. गाठ मधोमध सांधलेली आहे, पण माप खरे आहे.